हार्ड डिस्क भरवशाची आहे का, कसं ओळखावं?

शहापूर-मुरबाडकडे जुना कॉम्प्युटर घेताना आपण स्क्रीन आणि किंमत पाहतो, हार्ड डिस्क पाहायची राहते. पण मुलांचे दाखले, निकाहनामा, मरहूम आजी-आजोबांचे फोटो तिच्यातच असतात.

डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती दिसते. दुकानातच पुढील गोष्टी पाहा:

• ०५ : खराब झाल्याने बदललेले सेक्टर
• सी५ : वाचायला अडणारे सेक्टर
• सी६ : दुरुस्त न होणारे सेक्टर
• चालू तास : २०,००० म्हणजे रोज ८ तास धरून सुमारे ७ वर्षं

पहिल्या तिन्ही नोंदींत रॉ व्हॅल्यू शून्य हवी. ती वाढत असेल किंवा डिस्क कट-कट वाजत असेल, तर डाटा लगेच दुसरीकडे घ्या.

मात्र शून्य म्हणजे गॅरंटी नव्हे. २००७ मध्ये गूगलच्या अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये अशा मुख्य नोंदी कोऱ्याच होत्या. पावसाळ्यात आपल्याकडे वीज ये-जा करते, म्हणून यूपीएस लावा. आणि महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा. डिस्क बाजारात पुन्हा मिळते, आजोबांचा फोटो मिळत नाही.