कंसातलं दुसरं साल

इतिहासाच्या पुस्तकात युद्धाच्या नावापुढे कंसात दोन सालं असतात. इराण-इराक युद्ध (१९८०-१९८८). किती नीटनेटकं वाटतं ना! पण जे लोक त्या युद्धात सापडले होते, त्यांच्याकडे फक्त पहिलं साल होतं. दुसऱ्याच्या जागी नुसती रिकामी जागा. गेले दोन-तीन रविवार या युद्धावर वाचतोय आणि ती रिकामी जागा काही डोक्यातून जात नाहीये.

सुरुवात २२ सप्टेंबर १९८०. इराणमध्ये आदल्याच वर्षी क्रांती झालेली, शहाचे कितीतरी सेनाधिकारी तुरुंगात किंवा फासावर गेलेले, अमेरिकेशी बिनसल्यामुळे विमानांचे सुटे भाग बंद. १९७५ च्या अल्जीयर्स कराराने शत्त-अल-अरब नदीत जी सीमा मान्य करावी लागली, ती सद्दाम हुसेनला खुपत होतीच. शेजारी अडचणीत आहे, काही आठवड्यांत काम उरकेल, असा त्याचा हिशोब. (आम्ही सॉफ्टवेअरवाले "दोन आठवड्यांत देतो" म्हणतो, तसाच!)

खुर्रमशहर हे एकच शहर घ्यायला महिन्याहून जास्त गेला. मे १९८२ मध्ये इराणने ते परतही मिळवलं. जूनमध्ये सद्दामने सैन्य मागे घेतलं, युद्धबंदीची तयारी दाखवली. माझ्या मते सगळ्या गोष्टीतली कळीची जागा हीच. कंसात १९८२ लिहिता आलं असतं.

पण जुलैमध्ये इराणचं सैन्य सीमा ओलांडून बसऱ्याच्या दिशेने निघालं. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा होता असंही नाही. ज्याने हल्ला केला त्याला तसंच सोडायचं? उद्या तो पुन्हा येणार नाही कशावरून? आणि इतकी माणसं गेली, ती कशासाठी मग?

हा शेवटचा प्रश्न फार वाईट. कारण दर वर्षी मेलेल्यांची संख्या वाढते, आणि तसं थांबणं आणखी अवघड होतं.

पुढची सहा वर्षं खंदक, सुरुंग, विषारी वायू, शहरांवर क्षेपणास्त्रं, आखातात तेलाच्या जहाजांवर हल्ले. १९८६ मध्ये इराणने फाव घेतलं, एप्रिल १९८८ मध्ये इराकने ते परत घेतलं. जुलै १९८७ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ५९८ मंजूर केला, तर इराण वर्षभर ना धड हो म्हणेना, ना नाही. शेवटी जुलै १९८८ मध्ये खोमेनींनी तो मान्य केला. हे आपल्यासाठी विष पिण्यासारखं आहे, असं ते म्हणाले. २० ऑगस्टला युद्ध थांबलं.

मिळालं काय? सीमा होती तिथेच राहिली. १९९० मध्ये कुवेत गिळल्यावर इराण तरी शांत राहावा म्हणून सद्दामने १९७५ चाच करार पुन्हा मान्य केला. ज्यासाठी लाखो माणसं मेली, ती गोष्ट एका पत्रात सोडून दिली!

१९८४ साली एखाद्या इराणी किंवा इराकी आईला सांगता आलं असतं का, की बाई, अजून निम्मं बाकी आहे? तिला काय, कोणालाच ते माहीत नव्हतं. निर्णय घेणाऱ्यांनाही नाही.

असो. कुठलंही युद्ध सुरू झालं, की टीव्हीवर कोणीतरी नकाशासमोर उभं राहून "फार दिवस चालणार नाही" असं सांगतंच. मला तेव्हा खुर्रमशहर आठवतं. आणि तो उघडाच राहिलेला कंस.