टाऊन हॉल कोणाचा?

‘टाऊन हॉल’ हा शब्द इंग्लंडातून आपल्याकडे आला. पण त्याचा अर्थ तिकडेच राहून गेला. मँचेस्टर शहराने १८६८ ते १८७७ या काळात वॉटरहाउस या वास्तुशिल्पज्ञाकडून आपला टाऊन हॉल बांधून घेतला. ८५ मीटर उंच मनोऱ्याची ती गॉथिक वास्तू म्हणजे कापडधंद्यावर श्रीमंत झालेल्या शहराने स्वतःच्या कारभारासाठी उभारलेले घर.

त्याच सुमारास, १८७२ ते १८७६ मध्ये, कोल्हापुरात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याप्रमाणे टाऊन हॉल उभा राहिला. शैली तीच, दगड मात्र आपला, काळा. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ चीच. पण गादीवरचे चौथे शिवाजी महाराज अल्पवयीन आणि संस्थानावर अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा. नाव नगराचे, पण नगराला विचारले कोणी?

मला मोल वाटते ते या वास्तूच्या दुसऱ्या जन्माचे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझमूर्तीही मिळाली. रोमन जगाशी असलेल्या व्यापाराची ती साक्षच. या वस्तूंसाठी स्थापन झालेले संग्रहालय १९४९ साली टाऊन हॉलमध्ये आले. कोल्हापूर संस्थान विलीन झाले तेही त्याच वर्षी. नगराचा इतिहास त्या दालनांत नांदू लागला आणि नाव सार्थ झाले.

आम्हा नंदगडकरांना याचे अगत्य का? संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी १८३१ साली फाशी दिले ते आमच्याच गावात. १९५६ च्या पुनर्रचनेत गाव म्हैसूर राज्यात गेले आणि सीमाभागातल्या दगडादगडाला ‘तू कोणाचा?’ असे विचारले जाऊ लागले. माणसाला आपल्या भाषेत शिकण्याचा, कारभार करण्याचा हक्क हवाच. त्यात तडजोड नाही. पण दगडाला भाषेची शपथ घालू नये. कोल्हापूरच्या शिलाहारांचे लेख संस्कृतात आहेत, तसेच कन्नडातही. ते वाचून १९३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले ते राजाराम कॉलेजातील कन्नड पंडित प्रा. कुंदणगार यांनी, कोल्हापुरात बसून.

आपल्या गावांतील वीरगळ, जुने वाडे, चावड्या यांची नोंद कोणी करायची? मँचेस्टरकरांनी वाट पाहिली नाही. आपणही वहीपेन्सिल घेऊन निघावे. लिपी कोणती, हे नंतर पाहता येईल.