वेठ आणि साथ : ध्वनिकलेतील यंत्र व श्रोते

१

बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड हे गाव इतिहासग्रंथांत येते ते दोन लढाया आणि एक मशीद यांच्या निमित्ताने. १४३७ मध्ये वऱ्हाडावर चालून आलेल्या खानदेशच्या नसीरखानाचा बहमनी सेनापती खलफ हसन बसरी याने येथे पराभव केला. पुढे १५९०-९१ च्या सुमारास निजामशाहीच्या गादीसाठी बुऱ्हाण आणि जमालखान यांची सैन्ये याच परिसरात भिडली व जमालखान मारला गेला. मशीद १५८२ ची असून ती खुदावंदखान महदवी याने बांधविली. सैन्ये, सेनापती आणि सनावळी यांची नोंद झाली. पण अशा एखाद्या गावाच्या संध्याकाळचा आवाज कसा होता, त्यात कोणाचा हात आणि कोणाचा गळा मिसळत होता, याची नोंद कोणी ठेवली नाही. ध्वनी विरून जातो हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अनेकांनी मिळून निर्माण केलेल्या ध्वनीला एक कर्ता नसतो, आणि आपले इतिहासलेखन व आपली कलासमीक्षा ही दोन्ही कर्त्याच्या शोधात असतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलाविचाराने हा एकटा कर्ता संशयास्पद ठरविला. उम्बेर्तो एको याने १९६२ मध्ये ‘खुल्या कलाकृती’ची संकल्पना मांडताना स्टॉकहाउझेन, बेरिओ प्रभृती संगीतकारांच्या रचनांपासूनच विवेचनाला प्रारंभ केला. १९६७ मध्ये रोलां बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. त्याच काळात कलादालनांतून अशी यंत्रे दिसू लागली, की जी प्रेक्षकाच्या आवाजाला वा हालचालीला प्रतिसाद देत आणि त्या प्रतिसादातूनच कलाकृती घडत असे. श्रोते आणि यंत्रमानव यांनी एकत्र येऊन साकारलेल्या ध्वनिकलेचा इतिहास येथून सुरू झाला असे सामान्यतः मानले जाते, आणि त्यात लंडन, आइंडहोव्हन, ओसाका अशी नावे येतात. मात्र या इतिहासाकडे महाराष्ट्रातील कीर्तनाच्या रिंगणातून आणि देवळातील विजेच्या नगाऱ्यासमोर उभे राहून पाहिले, तर त्यातील मध्यवर्ती प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. यंत्र वाजवू शकते का, हा तो प्रश्न नाही. यंत्र ऐकते का, आणि ऐकल्यामुळे त्याच्या वाजवण्यात काही बदलते का, हा तो प्रश्न आहे.

२

‘रोबो’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक याच्या नाटकातून जगभर गेला. हे नाटक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९२१ मध्ये रंगभूमीवर आले. ज्या चेक शब्दावरून तो घडविला गेला, त्याचा अर्थ जमीनदाराकडे सक्तीने करावयाचे काम असा आहे. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द आहे : वेठ. ‘यंत्रमानव’ या आपल्या रूढ शब्दात यंत्र आहे, मानव आहे. पण ही वेठ गळून गेली आहे. ती लक्षात ठेवली म्हणजे यंत्र आणि माणूस यांच्या एकत्र निर्मितीविषयी बोलताना एक अडचण प्रारंभीच उभी राहते. जो वेठीला धरला गेला आहे, त्याला सहनिर्माता कसे म्हणावयाचे?

भारतीय परंपरेत वाजणाऱ्या यंत्रांची कल्पना जुनी आहे. धारच्या भोजाच्या नावावर असलेल्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील वास्तुग्रंथात ‘यंत्रविधान’ या नावाचा स्वतंत्र अध्याय असून, त्यात आपोआप हलणाऱ्या बाहुल्या, द्वाररक्षक, लाकडी पक्षी यांच्याबरोबर वाद्यध्वनी उत्पन्न करणाऱ्या यंत्रांचाही विचार येतो. पण या यंत्रांचे प्रयोजन विस्मय हे आहे. त्यांची कळ गुप्त राहावी आणि पाहणाऱ्याने चकित व्हावे, अशी अपेक्षा असते. रसव्यवस्थेच्या भाषेत हा अद्भुताचा प्रांत होय. पाहणाऱ्याने काही करावे आणि त्यामुळे यंत्राने वेगळे वागावे, ही कल्पना तेथे नाही.

ती कल्पना येण्यासाठी नियंत्रण आणि संदेशवहन यांचा नवा विचार जन्मावा लागला. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये गॉर्डन पास्क याने वादकाच्या वादनानुसार प्रकाश बदलणारे ‘म्युझिकलर’ हे यंत्र सिद्ध केले. त्याचा एक विशेष आजही विचार करण्याजोगा आहे : वादक तेच ते वाजवू लागला, की यंत्राला जणू कंटाळा येई आणि ते प्रतिसाद देईनासे होई, मग वादकाला नवे काही शोधावे लागे. १९५६ मध्ये निकोलस शेफर याने ध्वनी, प्रकाश व रंग यांना प्रतिसाद देत फिरणारे शिल्प घडविले. १९६८ मध्ये लंडनच्या समकालीन कला संस्थेत भरलेल्या ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ या प्रदर्शनात एडवर्ड इन्नातोविच याचे ‘सॅम’ हे यंत्रशिल्प होते. कण्यासारख्या रचनेवर फुलाच्या पाकळ्यांसारखा परावर्तक आणि त्यात ध्वनिग्राहक, अशी त्याची घडण. हळू पण सातत्याने केलेल्या आवाजाच्या दिशेने ते वळत असे. त्याने आपल्याकडे पाहावे म्हणून माणसे त्याच्यासमोर उभी राहून नाना आवाज काढीत राहत. १९७० मध्ये आइंडहोव्हन येथे उभारलेले त्याचेच ‘सेन्स्टर’ हे प्रचंड यंत्र संगणकाच्या साह्याने चाले. मंद आवाजाकडे ते झुके. गोंगाट वा एकाएकी झालेली हालचाल याने मागे सरे. १९७४ पर्यंत ते तेथे होते.

या दोन्ही कृतींत ध्वनी यंत्राचा नव्हता, तो जमलेल्या माणसांचा होता. यंत्र केवळ ऐकत होते. तरीही त्याच्या ऐकण्याने माणसांच्या आवाजाला आकार येत होता : गर्दी आपला स्वर आवरू लागे, एकमेकांना गप्प करी, पाळी लावी. ऐकणारा असला म्हणजे बोलणारा बदलतो, हे भाषाव्यवहारातले साधे सत्य येथे धातूच्या सांगाड्याने दाखवून दिले. उलट, १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात रॉबर्ट ब्रीअरचे पांढरे घुमट अगदी संथ गतीने सरकत, स्वतः आवाज करीत आणि कोणी आडवे आले की दिशा बदलीत; पण त्यांना स्पर्श कळे, स्वर कळत नसे. त्याच मंडपाच्या ध्वनियोजनेत सहभागी असलेल्या डेव्हिड ट्यूडर याने आदल्या वर्षी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताची प्रयोगशाळा उभी केली होती. गीता साराभाई, जिनराज जोशीपुरा आदींनी तेथे रचना केल्या. म्हणजे हा विचार भारताच्या दारापर्यंत आला होता. पण तो प्रयोगशाळेत राहिला. श्रोत्यांच्या मेळाव्यापर्यंत पोहोचला नाही.

३

मराठी मुलखात श्रोत्यांचा मेळावा आधीपासूनच निर्मितिक्षम होता. वारकरी कीर्तनाची रचना पाहावी. कीर्तनकार मध्ये, मागे टाळकऱ्यांची ओळ, बाजूला पखवाजी, शेजारी विणेकरी आणि समोर श्रोते. कीर्तनकार थांबला की टाळकरी ध्रुपद उचलतात. ध्रुपद श्रोत्यांत पसरते. त्याची चढण पाहून पखवाजी लय वाढवितो. आणि कीर्तनकार हाताच्या खुणेने वा पावलाच्या ठेक्याने ती पुन्हा आवरतो. कोणते आवर्तन किती वेळा घ्यावयाचे हे आधी ठरलेले नसते. ते रिंगणात ठरते, आणि ठरविणारा एक नसतो. येथे ‘साथ’ हा शब्द पारिभाषिक मोलाचा आहे. साथ देणारा अनुकरण करीत नाही आणि आज्ञाही पाळीत नाही. तो ऐकतो, आणि ऐकल्यानुसार स्वतःचे काही घालतो.

वऱ्हाडात या परंपरेला आणखी एक वळण मिळाले. गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६) कीर्तन हे बव्हंशी प्रश्नोत्तररूप असे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत. श्रोते उत्तर देत. त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. श्रोत्यांनी वेगळे उत्तर दिले असते तर कीर्तन वेगळे झाले असते. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीच्या साथीने सामुदायिक प्रार्थनेची प्रथा गावोगाव रुजविली. बार्थ आणि एको यांच्याकडून वाचकाच्या सहभागाचा सिद्धांत स्वीकारणाऱ्या मराठी समीक्षेने या प्रयोगरूपांकडे मात्र सिद्धांताच्या अंगाने फारसे पाहिले नाही. ती धर्माच्या वा समाजसुधारणेच्या खात्यात जमा झाली.

गाडगे महाराजांच्या १९५६ मधील एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात तो आवाज आजही प्रश्न विचारतो. पण आजचा श्रोता काहीही उत्तर देवो, पुढचा प्रश्न तोच येणार. संवाद जसाच्या तसा टिकला, आणि टिकताना त्याचे ऐकणे संपले. यंत्राने ध्वनी जपला तेव्हाच ध्वनीतील परस्परता गमावली, हा विसाव्या शतकाचा अनुभव या एका उदाहरणात सामावलेला आहे.

४

देवळातील विजेचा नगारा याच टप्प्यावर येतो. गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातील लहानमोठ्या देवळांत हे यंत्र सर्रास दिसू लागले. एका चौकटीत नगारा, झांजा व घंटा बसविलेल्या असतात; मोटरीने दांडा फिरतो; त्या फिरण्याने टिपऱ्या नगाऱ्यावर पडतात, झांजा एकमेकींवर आदळतात आणि घंटेचा लोळा हलतो. बटण दाबले की आरतीचा गजर सुरू. भाविक टाळ्या वाजवितात, आरती म्हणतात. शब्दशः पाहिले तर श्रोते आणि यंत्र यांनी मिळून दररोज साकारलेली ध्वनिकृती ती हीच. कोणत्याही कलादालनाला एवढा प्रेक्षकवर्ग लाभलेला नाही.

परंतु हे यंत्र ऐकत नाही. माणसांची आरती संथ सुरू होते आणि शेवटाकडे द्रुत होत जाते. यंत्राची गती पहिल्या ठोक्यापासून तीच. गाणाऱ्यांना तरी यंत्राच्या गतीला शरण जावे लागते, नाहीतर आवाज चढवून तिच्यावर मात करावी लागते. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तत्त्वे सांगितली. स्वतः आकाशवाणीत काम केलेल्या या कवीला ध्वनी आणि यंत्र यांचे नाते जवळून परिचित होते. त्यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर नियमित ठोका म्हणजे लय नव्हे. विरोधाला जागा नसेल तर समतोलही संभवत नाही. या यंत्राजवळ ठोका आहे. विरोध करावयाचा तो माणसांनीच, आणि समतोल साधावयाचा तोही त्यांनीच.

येथे हळहळून थांबणे सोपे आहे. पण इतिहास तसे थांबू देत नाही. यंत्रापूर्वी नगारा कोण वाजवीत होते? गावगाड्यात देवळापुढचे आणि गावचे वाजविणे हे पुष्कळदा जातीने वाट्याला आलेले काम होते. ज्यांचे वाजविणे गावाला हवे होते, त्यांतील अनेकांना गाभारा सोडाच, देऊळही बंद होते. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह करावा लागला तो याच व्यवस्थेत. वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या वेठीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने संपली ती १९५८ मध्ये. तेव्हा जुन्या नगाऱ्यामागचा प्रत्येक हात साथीचा होता असे म्हणणे हे त्या हातांवर अन्यायाचे होईल. काही हात वेठीचे होते. ती वेठ मोटरीने उचलली असेल, तर त्यात गमावण्यासारखे काही नव्हते.

गमावले ते दुसऱ्या हाताचे काम : ज्याला वाजविण्याची मुभा होती, इच्छा होती, आणि जो समोरच्याचा श्वास ओळखून टिपरू थांबवीत असे. यंत्राला वेठ आणि साथ यांतील भेद कळत नाही. त्याने दोन्ही एकाच मोटरीत बसविल्या. शिवाय यंत्र आल्यामुळे माणसे गेली, की माणसे आधीच गेली होती म्हणून यंत्र आले, हे प्रत्येक देवळागणिक वेगळे असणार. संध्याकाळी पुजारी एकटाच उभा असेल तर बटण हेच त्याचे टाळकरी.

५

दरम्यान यंत्रांना ऐकविण्याचा प्रयत्न अन्यत्र चालू राहिला. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकन वादक जॉर्ज लुईस याने ‘व्हॉयेजर’ ही संगणकप्रणाली रचली. ती वादकाला ऐकते, पण त्याच्या आज्ञेत नसते. वादक गप्प असला तरी स्वतःहून वाजविते. २००५-०६ मध्ये जॉर्जियात गिल वाइनबर्ग याच्या मार्गदर्शनाखाली ‘हेल’ हा लाकडी यंत्रवादक घडला. तो सहवादकाचा ताल ऐकून त्यावर रचलेला ताल वाजवीत असे. अजय कपूर याने त्याच सुमारास ‘महादेवीबॉट’ हा अनेक हातांचा तालवादक यंत्रमानव भारतीय तालवाद्ये आणि घंटा घेऊन तयार केला आणि इलेक्ट्रॉनिक सतारीबरोबर रंगमंचावर आणला. देवळातल्या नगाऱ्याचा हा दूरचा आप्त; फरक एवढाच, की त्याच्या ठोक्यामागे माणसाचे वादन टिपणारी व्यवस्था आहे. महाराष्ट्रात मात्र २०१७ च्या गणेशोत्सवात पुण्यात औद्योगिक यंत्रबाहूकडून आरती ओवाळून घेण्यात आली, तेव्हा तिचे कौतुक झाले ते विस्मयाच्या अंगाने. भोजाच्या यंत्रांपुढे उभ्या असलेल्या प्रेक्षकाहून हा प्रेक्षक फार वेगळा नव्हता.

यावरून सहनिर्मितीच्या समीक्षेसाठी एक कसोटी सुचते. यंत्राची गुंतागुंत, त्याच्या हातांची संख्या किंवा प्रेक्षकांना दिलेल्या बटणांची संख्या यांवरून ती निर्मिती सहनिर्मिती ठरत नाही. एका श्रोत्याने काही वेगळे केले असता संपूर्ण कृतीला वेगळे व्हावे लागते की नाही, आणि त्या रिंगणात कोणाला येऊ दिले जाते, हे दोन प्रश्न एकत्रच विचारावे लागतात. पहिला प्रश्न पास्क आणि लुईस यांच्या यंत्रांनी विचारला. दुसरा प्रश्न महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाने विचारला. कलादालनातील यंत्रांच्या इतिहासात दुसरा प्रश्न क्वचित येतो, आणि कीर्तनाच्या गौरवपर इतिहासात पहिला गृहीत धरला जातो.

रोहिणखेडसारख्या गावाच्या इतिहासात लढायांच्या सनावळीबरोबर हेही कधीतरी यावयास हवे : आरतीला कोण उभे होते, ठोका कोण देत होते आणि तो कोणासाठी थांबत होता. विजेचा नगारा विजेपुरता वाजतो. वीज गेली की देवळात क्षणभर शांतता होते, आणि मग जमलेल्यांपैकी कोणीतरी टाळी देऊन आरतीचे पुढचे कडवे उचलते. त्या टाळीला बाकीच्यांनी दिलेली साथ हा या इतिहासाचा अजून न लिहिलेला भाग आहे.