शेरीफच्या तुरुंगातली वही

विस्कॉन्सिन राज्याचा कायदा काउंटीच्या शेरीफवर जी कामे सोपवतो, त्यांत एक काम वही लिहिण्याचे आहे. तुरुंगात आणलेल्या प्रत्येकाचे नाव, राहण्याचे ठिकाण, केव्हा आणला, कशासाठी, कोणाच्या हुकमाने. फौजदारी मामला असेल तर माणसाचे वर्णन. सुटला तर केव्हा आणि कोणाच्या हुकमाने. पळाला तर कधी आणि कसा. आज ही वही संगणकात असते, तरी रकाने जवळपास तेच आहेत आणि ती पाहण्याचा हक्क कोणालाही आहे.

मुंबईचा शेरीफ म्हणजे नगरपाल, मानाचे पद. अमेरिकेच्या ग्रामीण भागातला शेरीफ बहुतेक राज्यांत मते मागून निवडून येतो. गस्तीची गाडी त्याची, हातकडी त्याची आणि बहुतेक ठिकाणी तुरुंगाची किल्लीही त्याचीच. पकडणारा आणि कोंडणारा एकच असेल, तर कोणाला कोंडले हे बाहेरच्यांना कळण्याचा मार्ग ही वहीच.

हे पद इंग्लंडातून आले. दुसऱ्या हेन्रीने ११६६ मध्ये क्लॅरेंडन इथे फर्मान काढले आणि परगण्या-परगण्यात तुरुंग बांधण्याचे काम शेरीफांच्या माथी मारले. त्या तुरुंगांत कोण, कशासाठी बसले आहे हे विचारण्याची सोय मात्र पुढची कित्येक शतके डळमळीतच राहिली. पहिल्या चार्ल्सने सक्तीने मागितलेले कर्ज द्यायला नकार दिला म्हणून पाच सरदार कैदेत गेले. १६२७ मध्ये न्यायालयाने कारण विचारले, तेव्हा उत्तर आले की राजाची खास आज्ञा आहे. न्यायाधीशांनी तेवढ्यावर त्यांना जामीन नाकारला. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने राजापुढे हक्कांचा अर्ज ठेवला, पण पळवाटा उरल्याच. कैद्याला एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हलवायचे, समुद्रापलीकडच्या बेटावर न्यायचे, म्हणजे न्यायालयाचा हुकूम कुठे बजावायचा हेच कळू नये.

या पळवाटा १६७९ च्या हेबियस कॉर्पस कायद्याने बुजवल्या. त्यातले एक कलम मला या साऱ्या वंशावळीचे मूळ वाटते. कैद्याने किंवा त्याच्या वतीने कोणीही मागणी केली, की तुरुंगाधिकाऱ्याने अटकेच्या हुकमाची खरी नक्कल सहा तासांच्या आत द्यायची. दिली नाही तर पहिल्या वेळी १०० पौंड दंड, दुसऱ्या वेळी २०० पौंड आणि पदासाठी कायमचा अपात्र. ती नक्कल न्यायाधीशाच्या हाती पडली की सुटकेचा अर्ज पुढे सरके. नक्कल नाकारली, तर तसे शपथेवर सांगूनही अर्ज चाले. म्हणजे हा कागद मागायचा कोणी, तर आत असलेल्याच्या माणसांनी. शेजाऱ्याची अब्रू चाळायला आलेल्यांचा त्यात कुठेच विचार नव्हता.

इंग्रजी परंपरेत सरकारी दप्तर पाहायचे तर आपला काही दावा किंवा हितसंबंध दाखवावा लागे. विस्कॉन्सिन १८४८ मध्ये राज्य झाले आणि १८४९ च्या कायदेसंग्रहातच त्याने ही अट मोडीत काढली: शेरीफसह काउंटीच्या अधिकाऱ्यांनी कचेरी उघडी ठेवायची आणि दप्तर कोणाही व्यक्तीला पाहू द्यायचे. जंगल तोडून वसत असलेल्या, रस्तेही धड नसलेल्या मुलखात हे लिहिले गेले, याचे मला फार अप्रूप आहे.

वही असून ती दिसत नसेल तर काय होते, ते मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीने दाखवले. २१ जून १९६४ रोजी डेप्युटी शेरीफ सेसिल प्राइस याने जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन तरुणांना गाडी अडवून पकडले आणि फिलाडेल्फिया गावच्या तुरुंगात टाकले. ते काळ्यांच्या मतदार-नोंदणीच्या कामात होते. ठरल्या वेळी ते परतले नाहीत, म्हणून सहकाऱ्यांनी आसपासच्या तुरुंगांना फोन लावायला सुरुवात केली. नेशोबाच्या तुरुंगातून सांगण्यात आले की असे कोणी इथे नाही. तिघेही त्या वेळी आतच होते. रात्री चेनीकडून २० डॉलर दंड घेऊन त्यांना सोडले, वाटेत प्राइसनेच पुन्हा अडवले आणि कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांच्या हवाली केले. ४ ऑगस्टला त्यांचे मृतदेह मातीच्या बंधाऱ्याखाली सापडले. १९६७ मध्ये संघराज्याच्या न्यायालयात प्राइससह सात जण दोषी ठरले. शेरीफ लॉरेन्स रेनी सुटला.

त्या संध्याकाळी फोनवर विचारलेला प्रश्न म्हणजे अटकेच्या नोंदीची मागणीच होती. फोनवर नाही म्हणायला काही लागत नाही. वही टेबलावर उघडून दाखवणे भाग असते, तर तेच नाही म्हणणे किती अवघड गेले असते! मिसिसिपीत सार्वजनिक नोंदींचा कायदा यायला १९८३ उजाडले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६६ मध्ये सही केलेला माहितीचा कायदा इथे कामाचा नाही, कारण तो फक्त केंद्रीय खात्यांना लागू आहे. शेरीफकडे जायचे ते त्या-त्या राज्याच्या कायद्याचे बोट धरून.

उघडपणाच्या विरोधातली बाजूही ऐकण्याजोगी आहे. मिलवॉकीचे पोलीसप्रमुख हॅरॉल्ड ब्रायर पत्रकारांना अटक झालेल्यांची नावे पाहू देत, आरोप मात्र दाखवत नसत. अटक झालेले पुष्कळ जण खटला न होताच सुटतात, मग कागदावरचा आरोप वर्तमानपत्रात छापून त्यांची बेअब्रू कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. १९७९ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने बेअब्रूची भीती खरी मानली आणि तरीही निकाल आरोप पाहू मागणाऱ्या वृत्तपत्राच्या बाजूने दिला. माणसाचे स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार लोकांच्या नजरेआड वापरता येणार नाही, हे त्यातले मर्म. टेक्सासमध्ये १९७५ च्या एका निकालाने वेगळी वाट काढली: गुन्ह्याच्या अहवालाचे पहिले पान साधारणपणे उघडे, आतला तपास झाकलेला.

मात्र ब्रायर यांची भीती पुढे त्यांनी कल्पिली नसेल इतकी खरी ठरली. गावोगावच्या कचेऱ्यांत विखुरलेल्या नोंदी आणि एका जागी गोळा केलेली माणसाची जन्मभराची कुंडली यांत फरक आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये म्हटले होते. इंटरनेटने तो फरक जवळपास पुसला. अटकेचे फोटो उचलून लावायचे आणि काढून टाकायला पैसे मागायचे, असा धंदाच उभा राहिला. २०१३ पासून जॉर्जियासह काही राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. निर्दोष सुटलेल्याला कित्येक वर्षांनंतरही नोकरी नाकारली जाते. हा अन्याय आहे. पण त्यावरचा इलाज म्हणून वहीच मिटावी, हे मला पटत नाही. अटकेच्या ओळीशेजारी निकालाची ओळ सक्तीने यावी आणि खटला उभा राहिला नाही तर ठरावीक मुदतीनंतर ती नोंद बाजारातून हटावी. पहिल्या काही दिवसांत मात्र ती सताड उघडी हवी, कारण आत असलेल्याला धोका असतो तो त्याच दिवसांत.

आपल्याकडे १८६१ च्या पोलीस कायद्याने ठाण्याच्या डायरीत अटक झालेल्यांची नावे लिहायला लावली, पण ती मागवून पाहण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला दिला. लोकांसाठी फळा लागायला १९९६ चा डी. के. बसू निकाल यावा लागला: अटकेची माहिती १२ तासांत नियंत्रण कक्षाला कळवायची आणि ती तिथे फळ्यावर ठळकपणे लावायची. २००८ च्या दुरुस्तीने हा फळा फौजदारी प्रक्रिया संहितेत आला आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ मध्ये आहे. माहिती अधिकारात जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर उत्तराची मुदत ४८ तास. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात हा फळा आहे का आणि त्यावर आजची तारीख आहे का, हे जाऊन पाहावे. तो आपला हक्क आहे.

विस्कॉन्सिनमध्ये आजही तोंडी मागितले तरी चालते. नाव सांगायची सक्ती नाही, कारण द्यायचे नाही. झेरॉक्सचा प्रत्यक्ष खर्च तेवढा भरायचा. ग्रामीण कचेरीत हे काम एखाद-दुसऱ्या कारकुनाकडे असते, म्हणून काय हवे ते नेमके सांगावे: कोणाची अटक, कोणती तारीख, कोणता कागद. कॅमेऱ्याच्या चित्रफिती मागितल्या की मामला बदलतो. त्यांतले चेहरे आणि आवाज झाकण्याचा खर्च मागणाऱ्याकडून घेण्याची मुभा पोलिसांना २०२४ मध्ये मिळाली. आर्थिक लाभासाठी वापर करणार नाही असे लेखी देणाऱ्या व्यक्तीला त्यातून सूट आहे. ही सूट अर्ज करतानाच मागावी.