देवराई, देवऋषी आणि हरवलेली वर्षं

राजगड-तोरणा करणाऱ्या भटक्या मंडळींना वेल्हे नवीन नाही. (२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याचं नाव 'राजगड' करायचा निर्णय घेतला, पण माझ्या तोंडात वेल्हेच बसलंय.) वाटेत कधीतरी देवराई लागते. देवाच्या धाकाने कुणी न तोडलेलं रान. भोर-वेल्ह्याकडे मनाच्या आजाराची गोष्टसुद्धा बऱ्याचदा देवापाशीच सुरू होते.

अठरा-वीस वर्षांचा मुलगा हळूहळू गप्प होतो, रात्र-रात्र जागतो, 'लोक माझ्यावर पाळत ठेवतात' म्हणतो. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलंय. मग देवऋषी, अंगारा, नवस. यात हसण्यासारखं काही नाही बरं का! दुसरं दार होतंच कुठे? १९१२ चा कायदा 'ल्युनसी ॲक्ट' म्हणूनच ओळखला जायचा. त्यात मुख्य वाट म्हणजे मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणि मग थेट भरती. आणि आपल्याकडे 'येरवड्याला पाठवू का?' ही तर शिवीच झाली. म्हणजे आजार पार हाताबाहेर गेल्यावरच दवाखाना. तोवर दोन-चार वर्षं सहज गेलेली.

आता इंजिनिअरी हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया असतो. २०११ च्या जनगणनेत भोर आणि वेल्हे मिळून लोकसंख्या दोन लाख चाळीस हजारांच्या घरात. भागाकार करा : ८००! जागतिक सरासरीवरचा ढोबळ अंदाज आहे, पण ट्रेकला जाताना ज्या घरांवरून आपण पुढे जातो, त्यातलीच ही घरं.

उपचारांआधी वाया जाणारा हा काळ कमी करायचा, हा विचार १९९० च्या दशकात मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅक्गोरी यांनी प्रत्यक्षात आणला. १९९२ साली पहिल्या झटक्यातल्या तरुणांसाठी 'एपिक' ही सेवा सुरू झाली. पाठोपाठ, अजून आजार झालेला नाही पण लक्षणांची चाहूल आहे, अशांसाठी 'पेस' क्लिनिक आलं. गंमत म्हणजे अशा चाहूल लागलेल्यांपैकी बहुतेकांना पुढे सायकोसिस होतच नाही. म्हणून लगेच शिक्का मारायचा नाही, गोळ्यांचा भडिमार करायचा नाही. बोलायचं, झोप सुधारायची, गांजा सोडवायचा, घरच्यांना सोबत घ्यायचं आणि लक्ष ठेवायचं.

आपल्याकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा पातळीवरचा १९९६ चा. पण पुण्यात लोकांना बोलतं केलं ते एका संख्याशास्त्रज्ञाने! कॅनडात कॅलगरी विद्यापीठात शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींनी हा आजार स्वतःच्या घरात पाहिला होता. १९९७ मध्ये त्यांनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' सुरू केली. तिथे रुग्णांचे आईवडील, भावंडं एकमेकांशी बोलू लागली. पुढे सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'देवराई' (२००४) आला, तोही वाणींच्याच पुढाकाराने. अतुल कुलकर्णीचा शेष आठवतोय? सिनेमा स्किझोफ्रेनियावरचा, आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळाला पर्यावरण विभागात. आता बोला!

मला मात्र ते नाव फार नेमकं वाटतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तकांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला आणि गावकऱ्यांच्या श्रद्धेने काय जपलंय ते दाखवून दिलं. श्रद्धेला वेड्यात न काढता तिच्यातलं कामाचं ते घेतलं. मनाच्या बाबतीतही हेच चालेल. देवऋषी करायचा तर करा, पण डॉक्टर त्याच आठवड्यात. 'आधी हे करून बघू' मध्ये वर्षं जातात, आणि ती नेमकी कॉलेजची, पहिल्या नोकरीची वर्षं असतात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरवलाय. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. आपल्या टीममध्येही भोर-वेल्ह्याकडून आलेलं, खोली करून राहणारं, हल्ली डबा न खाणारं कुणीतरी असू शकतं. 'काय रे, झोप होतेय का नीट?' एवढं विचारायला पदवी लागत नाही.