वेग कशाने मोजावा?

शंकरपटात जी जोडी पुढे गेली ती जिंकली. तेथे वाद उरत नाही. घरी बांधलेल्या विमानांची तुलना मात्र इतक्या सोप्या हिशेबाने होत नाही. ज्यांनी ती तशी केली, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

१९३४ साली फ्रान्समधील आंरी मिन्ये यांनी हौशी माणसाला स्वतः बांधता येईल अशा छोट्या विमानावर पुस्तक लिहिले. शेकडो लोकांनी करवत-रंधा हाती घेतला. पुढे अपघात होऊन माणसे दगावली. १९३६ साली वातबोगद्यात तपासणी झाली, तेव्हा कळले की नाक फार खाली झुकले की हे विमान पुन्हा सावरतच नाही. विमान उडते एवढ्यावर भागत नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा अमेरिकेतला. १९७० नंतर बीडी-५ या चिमुकल्या विमानाने ताशी दोनशे मैलांहून अधिक वेगाची आशा दाखवली. हजारोंनी पैसे भरले. पण भरवशाचे इंजिनच मिळेना आणि अखेर कंपनीचे दिवाळे वाजले. आकडा कागदावर होता, विमान बहुतेकांच्या हाती आलेच नाही.

मग तुलना करावी कशी? रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांचे आरव्ही-३ १९७१ साली उडाले, बर्ट रुटान यांचे व्हेरीईझी १९७५ साली. दोहोंचा वेग ताशी दोनशे मैलांच्या आसपास. पहिले ॲल्युमिनियमचे, एकट्यापुरते. त्याला दीडशे अश्वशक्तीचे इंजिन बसवीत. दुसरे फोम व फायबरग्लासचे, दोघांचे. त्याला शंभर अश्वशक्ती पुरे. इंजिनाची शक्ती दुप्पट केली तरी वेग जेमतेम सव्वापट होतो, हे ध्यानी घेतले म्हणजे रुटान यांची करामत कळते. परंतु व्हेरीईझीला लांब, पक्की धावपट्टी लागे. आरव्ही आखूड गवती मैदानावरही उतरे. म्हणूनच १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील काफे स्पर्धांत वेग, इंधनाची बचत आणि वाहिलेले ओझे ही तिन्ही मिळून गुण ठरवीत.

आम्हांस वाटते, या तिहींत चौथा प्रश्न मिळवावा: विमान किती सावकाश, सुखरूप उतरते? बांधणाराच बहुधा ते उडवतो, आणि घरी त्याची वाट पाहणारी माणसे असतात.