पावणेदोन भागिले अर्धा

बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळीचे नाव प्रथम ऐकताना मराठी माणसाचे कान उगाच टवकारतात. एचएएलचा विमानतळ आणि व्हाइटफील्ड यांच्या मधल्या या वस्तीत आज पुणे, नागपूर, कोल्हापूरकडून आलेली मराठी कुटुंबे बरीच आहेत. नात्यागोत्यामुळे माझे तेथे जाणे-येणे असते. सरकारी नोकरीत शिक्षण विषयाशी माझा संबंध आलेला होता हे कळल्यापासून तेथील काही तरुण गृहिणी मला एकच प्रश्न विचारीत आल्या आहेत. यांतील कोणी अभियंता आहेत, कोणी बी.एस्सी. नंतर बी.एड. केलेल्या. मुले जरा मोठी झाली, आता एखाद्या शाळेत पहिली ते पाचवीला गणित शिकवावे असा त्यांचा बेत असतो. चौकशी केल्यावर कळते की ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता चालत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१८ साली अधिसूचना काढून ती मुभा दिली होती, ती गेली. आता दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका हवी. मग त्या विचारतात, इंजिनिअरिंगचे गणित पार केलेल्या बाईने बेरीज-वजाबाकी शिकवण्यासाठी पुन्हा दोन वर्षे शिकायचे, हा कुठला न्याय?

प्रश्न वाजवी आहे. नियमावर बोट ठेवून त्याचे उत्तर देता येईल, पण ते उत्तर नव्हे. त्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागते.

पेशवाई बुडाल्यानंतर १८२२ साली मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तके यांच्यासाठी एक सोसायटी स्थापन झाली. कॅप्टन जॉर्ज जर्विस हा लष्करी इंजिनिअर तिचा एक चिटणीस होता आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे एतद्देशीय चिटणीस. गावोगाव पंतोजींच्या शाळा त्याआधीही होत्याच. धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेणे आणि पाढे घोकून घेणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय. पाढे म्हणजे नुसते बे एके बे नव्हेत. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी, म्हणजे अपूर्णांकांचेसुद्धा पाढे. वाणी, सराफ, कुळकर्णी यांचा व्यवहार त्यावर चालत असे. सोसायटीला यापुढचे हवे होते. मुलाला रीत यावी, आणि रीतीमागचे कारणही कळावे. पण असे शिकवणारे मास्तर आणायचे कोठून? तेव्हा सोसायटीने आधी मराठीत गणिताची पुस्तके तयार करविली. जर्विसने शास्त्रीमंडळींना हाताशी धरून हे काम केले. मग निवडक तरुणांना शिकवून तयार केले आणि १८२६ साली अशा २४ शिक्षकांची तुकडी मराठी व गुजराती मुलखांतील शाळांवर पाठविली. आपल्याकडील सरकारी प्राथमिक शिक्षकाची वंशावळ येथपासून सुरू होते.

क्रम पाहण्यासारखा आहे. आधी पुस्तक, मग शिक्षकाचे शिक्षण, मग नेमणूक. पुढे आपल्या यंत्रणेने अनेकदा नेमणूक आधी आणि बाकीचे सवडीने असे केले.

याच जर्विसने १८४७-४८ मध्ये शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी यांच्याशी मोठा वाद घातला. पेरींचा कल इंग्रजीकडे, तर सामान्य जनतेला ज्ञान तिच्याच भाषेत दिले पाहिजे हा जर्विसचा आग्रह. नाना शंकरशेट आणि इतर एतद्देशीय सभासद जर्विसच्या बाजूला होते. गणिताला भाषा नसते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ज्याने गणित मराठीत आणण्याचा खटाटोप केला त्याला तसे वाटले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

१८४५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक तयार करणारा नॉर्मल वर्ग निघाला आणि त्याची सूत्रे बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांनी शून्यलब्धि, म्हणजे आजच्या भाषेत कलनशास्त्र, मराठीत आणले होते. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले गणिती. १८५१ साली ते पुण्यास आले ते तेथील कॉलेजच्या नॉर्मल स्कूल शाखेत गणित आणि सृष्टिविज्ञान शिकविण्यासाठी. केरूनानांनी ग्रहगणितावर ग्रंथ लिहिला आणि शाळकरी मुलांसाठी अंकगणिताचे पुस्तकही लिहिले. पुढे टिळक डेक्कन कॉलेजात त्यांचे विद्यार्थी झाले. मराठी मुलखातला त्या काळचा अव्वल गणिती खेड्यातल्या शाळेचा मास्तर घडवीत होता आणि त्यात कोणाला काही कमीपणा वाटत नव्हता. आज एखाद्या नामांकित विज्ञानसंस्थेतील गणिताच्या प्राध्यापकाची बदली जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत केली, तर तो ती शिक्षाच समजेल, आणि बदलीची फाइल हलवणारा अधिकारीही तसेच समजेल!

वुडच्या १८५४ च्या खलित्याने नॉर्मल शाळा वाढविण्यास सांगितले. शाळा वाढल्या, त्या मानाने शिक्षकाचा दाम वाढला नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याला दरमहा १२ रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी १५ ते २० असावा अशी मागणी आहे. वेळ पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास तो लाजू नये, हेही त्यांनी सांगितले. अभ्यासक्रमात त्यांनी मोडी व बाळबोध वाचन-लेखनाच्या जोडीला हिशेब घातला होता. ज्या कुळाला सावकाराचा हिशेब तपासता येत नाही त्याचे काय होते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्यानंतरची कहाणी थोडक्यात सांगता येईल. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा मास्तर होऊ लागला, नंतर पी.टी.सी. आली, मग डी.एड., आता डी.एल.एड. अक्षरे बदलत गेली. २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा पदविकाधारक प्राथमिक शिक्षकाचे सुरुवातीचे मानधन दरमहा ३,००० रुपये होते. खजिन्याची अडचण मला ठाऊक आहे. पण ती अडचण प्रत्येक वेळी पहिलीच्या मास्तरापाशीच का येऊन थांबते, याचे उत्तर मला नोकरीत कधी मिळाले नाही.

आता मारतहळ्ळीच्या प्रश्नाकडे येऊ. लिपिंग मा या चिनी विदुषींनी १९९९ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना त्यांनी एक उदाहरण घातले होते: पावणेदोन भागिले अर्धा. उत्तर काढा, आणि या भागाकाराला बसेल अशी एक गोष्ट मुलांसाठी रचा. अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्याहून अधिकांना उत्तरच पूर्ण बरोबर काढता आले नाही आणि गणिती दृष्टीने योग्य गोष्ट एकालाच रचता आली. बाकीच्यांतील अनेकांनी पावणेदोन भाकरी दोघांत वाटल्या, म्हणजे अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागले. चिनी शिक्षकांनी सर्वांनी उत्तर बरोबर काढले आणि बहुतेकांना गोष्टही जमली. खरी गंमत पुढे आहे. अमेरिकन शिक्षक पदवीधर होते, तर चिनी शिक्षकांतील बहुतेकजण शाळेतील नऊ वर्षांनंतर दोन-तीन वर्षे नॉर्मल स्कूलमध्ये शिकलेले. वरच्या वर्गांचे गणित अधिक झाले म्हणून खालच्या वर्गाचे गणित खोल कळते असे नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

आपल्या पंतोजीला हे उदाहरण घातले असते तर? पावणेदोन शेर दुधात अर्ध्या शेराची मापे किती भरतील? साडेतीन. निमकी येणाऱ्या मुलानेही ते सांगितले असते. कारण त्याला तो सांगू शकला असता की नाही, हे वेगळे. पंतोजीचे वैभव मला उगाच वाढवायचे नाही. छडी आणि घोकंपट्टी हाही त्याचाच वारसा. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, मागोमाग किलो आणि लिटर आले, तेव्हा सोळा आणे आणि चाळीस शेरांचा मण यांच्याबरोबर पावकी-निमकीही शाळेतून गेली. जाणे योग्यच होते. पण अपूर्णांक हाताळण्याची जी सवय तिच्यामुळे लागत होती, तिच्या जागी काय ठेवायचे, हे शिक्षकाला कोणी शिकवायचे होते. ते काम अध्यापक विद्यालयांचे होते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले आणि महाराष्ट्रात हलकल्लोळ उडाला. विधानसभेतही थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या या गणिती बाई अनेक वर्षे लहान मुलांना गणित शिकवीत होत्या. २०२३ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांचे म्हणणे इतकेच होते की मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यामुळे मुले गोंधळतात. उपाय पसंत पडो न पडो, निदान अचूक होते. मारतहळ्ळीच्या वर्गात ते रोज पडताळून पाहता येईल. अठ्ठ्याहत्तरला कन्नडमध्ये ‘एप्पत्तेंटु’ म्हणतात, सत्तर आणि आठ, लिहितात त्याच क्रमाने. एकोणऐंशी म्हणजे ‘एप्पत्तोंबत्तु’, सत्तर आणि नऊ. शेजारच्या बाकावरील कन्नड मूल ते ऐकून सरळ ७९ लिहिते. मराठी मूल ‘एकोणऐंशी’तील ऐंशी ऐकून आठ लिहिते, मग उणे एकाचा विचार करते आणि ८९ वर जाऊन थांबते. बाईंना हे ठाऊक नसेल तर मूल ढ ठरते. कलनशास्त्राच्या पुस्तकात हे कोठेही सापडत नाही.

तेव्हा दोन वर्षे शिकायला लावणे अन्यायाचे नाही, असे मी त्या गृहिणींना सांगतो. त्या दोन वर्षांत शिकवतात काय, हे मात्र विचारले पाहिजे, आणि परीक्षा काय तपासते, हेही. शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिली ते पाचवीसाठीचा पेपर १५० गुणांचा असतो. बालविकास, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. खुल्या प्रवर्गासाठी उत्तीर्ण होण्यास एकूण ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. विषयवार किमान गुणांची अट नाही. उरलेल्या चार विभागांतील १२० पैकी ९० मिळाले, तर गणितात शून्य असूनही उमेदवार गणित शिकविण्यास पात्र ठरतो.